“येस, आय’म” का चालत नाही? इंग्रजी सर्वनामांच्या संक्षिप्त रूपांविषयी

प्रश्न: रामबागवासी, इंदूर

नमस्कार. मी रामबागेत राहतो आणि संध्याकाळी शेजारपाजारच्या मुलांना घरीच इंग्रजी शिकवतो. मुले आठवी ते दहावीतली असून बहुतेकांच्या घरी मराठी बोलली जाते, मात्र शाळेचे माध्यम हिंदी आहे. “आय ॲम”चे “आय’म”, “यू आर”चे “यू’र”, “ही इज”चे “ही’ज”, “दे हॅव”चे “दे’व्ह”, “वी विल”चे “वी’ल” हा तक्ता त्यांना तोंडपाठ आहे आणि व्याकरणाच्या पुस्तकातल्या रिकाम्या जागाही ती बिनचूक भरतात. अडचण येते ती तक्त्याबाहेर पाऊल टाकल्यावर. येथे रोमन अक्षरे टाळून लिहीत आहे आणि इंग्रजीत जिथे ॲपॉस्ट्रॉफीचे चिन्ह असते तिथे देवनागरीतही तेच चिन्ह घालत आहे, म्हणून “इट’स” आणि “इट्स” हे कृपया दोन वेगळे शब्द समजावेत.

पहिली शंका अशी. “आर यू फ्रॉम इंदोर?” या प्रश्नाला एका मुलीने “येस, आय’म” असे उत्तर लिहिले. ते चूक आहे हे मला ठाऊक आहे, परंतु “आय’म फ्रॉम इंदोर” बरोबर असताना “येस, आय’म” चूक का, याला “तसे म्हणत नाहीत” याखेरीज काही कारण आहे का? दुसरी शंका अशी की “ही’ज” म्हणजे कधी “ही इज” तर कधी “ही हॅज” आणि “शी’ड” म्हणजे कधी “शी हॅड” तर कधी “शी वुड”, तर मुलांनी हे ओळखायचे कशावरून? तिसरी शंका “इट’स” आणि “इट्स” यांची; शब्दांच्या शेवटी मालकी दाखवायला ते चिन्ह लागते असे आपणच शिकवतो आणि नेमके येथे ते लागत नाही म्हणून सांगतो. शेवटी, परीक्षेतल्या पत्रांत ही रूपे वापरू द्यावीत की नाही, यावरही जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद: जुनी इंदूर

आपल्या पहिल्या शंकेला निश्चित कारण आहे, आणि ते एकदा मुलांच्या लक्षात आले की पुढचे बरेच नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

संक्षिप्त रूप हे लिहिण्याची जागा वाचवण्यासाठी केलेले नाही. बोलताना सहायक क्रियापदावर जोर नसतो, म्हणून त्याचा स्वर झिजतो आणि उरलेले व्यंजन आधीच्या सर्वनामाला जाऊन चिकटते. लेखनातले चिन्ह फक्त गळलेली अक्षरे दाखवते. “आय’म फ्रॉम इंदोर” म्हणताना सगळा जोर “इंदोर”वर पडतो, कारण नवी माहिती तिथे आहे, आणि “ॲम” केवळ व्याकरणाच्या गरजेपुरते उरते. “येस, आय ॲम” या उत्तरात मात्र “फ्रॉम इंदोर” हे शब्द गाळलेले आहेत. त्यांचा सगळा भार आता “ॲम”वर येतो, आणि ज्या शब्दावर भार आहे तो झिजू शकत नाही. त्याच कारणाने “येस, शी’ज”, “येस, वी’ल”, “येस, दे’व्ह” यांपैकी काहीही चालत नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ मार्गदर्शकांत हा नियम “वाक्याच्या शेवटी संक्षेप करू नये” एवढाच दिलेला असतो आणि तो अपुरा आहे. “आय डोन्ट नो व्हेअर ही इज टुडे” हे वाक्य पाहा. यात “इज” शेवटी नाही, त्याच्यापुढे “टुडे” आहे, तरीही “व्हेअर ही’ज टुडे” असे म्हणता येत नाही. कारण “तो कुठे आहे” यातला “कुठे”, म्हणजे ज्याची जागा एरवी “इज”च्या नंतर असते तो शब्द, वाक्यात “इज”च्या आधी उचलून आणलेला आहे आणि “इज”च्या नंतरची जागा रिकामी झालेली आहे. जिथे सहायक क्रियापदाच्या लगेच नंतरचा शब्द गाळलेला किंवा हलवलेला असतो तिथे ते पूर्ण रूपातच राहते. “ही इज टॉलर दॅन आय ॲम” यातले “ॲम” आणि “हिअर ही इज” यातले “इज” हेही याच कारणाने पूर्ण लिहावे लागते. उलट “नो, आय’म नॉट” हे अगदी शुद्ध आहे, कारण जोर घ्यायला “नॉट” नंतर उभा आहे.

जोर हेच कारण असल्यामुळे ठासून सांगतानाही संक्षेप होत नाही. “तू इंदूरचा नाहीस” असे कोणी म्हटले आणि आपल्याला “अहो, मी इंदूरचाच आहे” असे सांगायचे असले, तर “बट आय ॲम फ्रॉम इंदोर” म्हणताना “ॲम” पूर्ण उच्चारले जाते.

आपल्या मुलांना हे मराठीवरून चटकन समजावता येईल. “मी जातो आहे” याचे बोलताना “मी जातोय” होते, “ती आली आहे” याचे “ती आलीय” होते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे “आहे” आधीच्या क्रियारूपाला चिकटते, तर इंग्रजीत ते कर्त्याच्या लगेच नंतर येत असल्यामुळे सर्वनामाला चिकटते; फरक एवढाच. “तू इंदूरचा आहेस ना?” या प्रश्नाला आपण “हो, आहे” म्हणतो आणि त्या “आहे”चा “य” कोणी करत नाही. कोणी फारच घाई केली तर वैतागून “अरे, जातो आहे ना मी!” म्हणतो, तेव्हाही “आहे” पूर्ण येते. ज्या मुलाच्या कानाला हा फरक घरात आपोआप कळतो त्याला “येस, आय ॲम” वेगळे पाठ करण्याचे कारण नाही.

प्रतिसाद: विजयनगर, इंदूर

दुसऱ्या शंकेविषयी लिहिते. भाषांतराच्या कामात मला ही रूपे रोज उलगडावी लागतात, आणि माझा अनुभव असा की सर्वनामाकडे पाहून काहीच कळत नाही, त्याच्यानंतरच्या शब्दाकडे पाहावे.

“ही’ज” नंतर “इंग” लागलेले क्रियापद, विशेषण, नाम किंवा स्थळ आले तर ते “इज” असते: “ही’ज वर्किंग”, “ही’ज टायर्ड”, “ही’ज अ डॉक्टर”, “ही’ज ॲट होम”. “बीन” किंवा “गॉट” आले तर ते “हॅज” असते, जसे “ही’ज बीन इल”, “ही’ज गॉट अ सायकल”. येथवर सोपे आहे. खरी अडचण तिसऱ्या रूपापाशी येते, कारण क्रियापदाचे तिसरे रूप पूर्ण काळातही येते आणि कर्मणी प्रयोगातही येते. “ही’ज इन्व्हायटेड अस” म्हणजे त्याने आपल्याला बोलावले आहे, म्हणून ते “हॅज”. “ही’ज इन्व्हायटेड टू द वेडिंग” म्हणजे त्याला लग्नाला बोलावणे आहे, म्हणून ते “इज”. दोन्ही वाक्यांत “ही’ज इन्व्हायटेड” अक्षरशः तेच आहे, आणि फरक पडतो तो पुढे कर्म आहे की नाही यावरून. “ही’ज गॉन” मध्ये तर दोन्ही अर्थ व्याकरणाला मान्य आहेत: तो गेला आहे, किंवा तो आता येथे नाही. येथे मुलांकडून एकच उत्तर मागू नये.

“शी’ड” चे गणित तुलनेने स्वच्छ आहे. पुढे पहिले रूप आले तर “वुड”, तिसरे रूप आले तर “हॅड”. “शी’ड गो” म्हणजे “शी वुड गो” आणि “शी’ड गॉन” म्हणजे “शी हॅड गॉन”. याला दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. “बेटर” च्या आधी ते नेहमी “हॅड” असते, जरी त्याच्यापुढे क्रियापदाचे पहिले रूप येत असले तरी: “यू’ड बेटर गो”. “रादर” च्या आधी ते आज “वुड” समजले जाते. शंका आली तर वाक्याला शेपटीचा प्रश्न जोडून पाहावा: “ही’ड बेटर गो, हॅडन्ट ही?” आणि “ही’ड रादर स्टे, वुडन्ट ही?” शेपटीत सहायक क्रियापद उघडे पडते.

ज्या क्रियापदांचे पहिले आणि तिसरे रूप सारखेच असते, म्हणजे “कट”, “पुट”, “कम”, “रन” अशांच्या बाबतीत ही खूणही उपयोगी पडत नाही. “दे’ड कट द केक” या सुट्या वाक्यावरून त्यांनी केक कापला होता की ते कापत असत, हे कोणालाच सांगता येणार नाही. आजूबाजूची वाक्येच ते सांगतात. प्रश्नपत्रिकेत असे वाक्य एकटे आले तर दोष मुलाचा नाही.

जाता जाता “लेट’स” विषयी. त्यातला “स” हा “इज”ही नव्हे आणि “हॅज”ही नव्हे, तो “अस” आहे. “लेट’स गो” म्हणजे चला, जाऊ या. परंतु “प्लीज लेट अस गो” असे पूर्ण म्हटले तर “आम्हाला जाऊ द्या” अशी विनंती होते, आणि त्या अर्थी संक्षेप करता येत नाही.

प्रतिसाद: लष्कर, ग्वाल्हेर

“इट’स” आणि “इट्स” यांचा गोंधळ केवळ आपल्या मुलांचा नाही, तो इंग्रजांचाही जुनाच आहे. मूळ घोटाळा असा की ते एक चिन्ह दोन कामे करते: नामाला लागले की मालकी दाखवते आणि सर्वनामाला लागले की गाळलेली अक्षरे. सर्वनामांची मालकीची रूपे स्वतंत्र शब्द असतात, त्यांना चिन्हाची गरज नसते. “हिज” मध्ये चिन्ह नाही हे कोणी विसरत नाही. मग “हर्स”, “अवर्स”, “युअर्स”, “देअर्स” आणि “इट्स” हे त्याच पंक्तीत बसवून शिकवले की “इट्स” एकटा अपवाद वाटत नाही.

थोडा इतिहास सांगितला तर मोठ्या मुलांना रस वाटतो. “इट्स” हा शब्दच इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या शेवटी आला. त्याआधी निर्जीव वस्तूसाठीही “हिज” वापरत, आणि 1611 च्या प्रसिद्ध बायबल-भाषांतरात बहुधा “हिज” किंवा “देअरऑफ” हेच दिसते. नवा शब्द रूढ झाला तेव्हा तो सतराव्या आणि अठराव्या शतकांत पुष्कळदा चिन्हासह, म्हणजे “इट’स” असाच लिहिला जाई. अमेरिकेच्या 1787 च्या राज्यघटनेत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, राज्याच्या तपासणी कायद्यांविषयी लिहिताना मालकीच्या अर्थाने “इट’स” असे चिन्हासह लिहिलेले आहे. त्या काळात “अवर’स”, “युअर’स” हेही सापडतात. दुसऱ्या बाजूने, “इट इज” चा जुना संक्षेप “इट’स” नव्हता, तो “’टिज” होता, आणि “इट वॉज” चा “’ट्वॉज”. तिथे “इट” मधला पहिला स्वर गळे. पुढे “’टिज” मागे पडून “इट’स” आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मालकीच्या शब्दातून चिन्ह निघून गेले. आजचा नियम तेव्हापासूनचा आहे.

व्यवहारात एकच कसोटी पुरे. त्या जागी “इट इज” किंवा “इट हॅज” घालून वाक्य वाचावे. अर्थ लागला तर चिन्ह हवे, नाही तर नको. “यू’र” आणि “युअर”, “दे’र” आणि “देअर”, “हू’ज” आणि “हूज” या जोड्यांनाही हीच कसोटी लागू पडते. मोबाइलवरच्या शब्दतपासणीवर विसंबू नये, कारण दोन्ही शब्द कोशात आहेत आणि ती बहुधा निमूट पुढे जाते.

उच्चाराचेही दोन शब्द लिहितो. “इट’स” मध्ये शेवटी “स” ऐकू येतो, कारण आधीचा “ट” अघोष आहे. “ही’ज”, “शी’ज” मध्ये मात्र “जरा” या शब्दातल्या “ज”सारखा घोष ध्वनी येतो. “हिज” आणि “ही’ज” यांत फरक ऱ्हस्व-दीर्घाचा आहे, आणि आपण मराठी माणसे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून भांडत असलो तरी बोलताना तो फारसा पाळत नाही, म्हणून येथे मुलांकडून थोडा सराव करून घ्यावा. “दे’र” आणि “देअर” यांच्या उच्चारात तर बहुतेक बोलणाऱ्यांच्या तोंडी काहीच फरक नसतो; तिथे कान मदत करणार नाही.

प्रतिसाद: एक वाचक, इंदूर

मला हा सगळा खटाटोप अनाठायी वाटतो. आमच्या वेळी शिक्षक पूर्ण रूपेच लिहायला लावत आणि त्यामुळे कोणाचे इंग्रजी बिघडले नाही. संक्षिप्त रूपे म्हणजे बोलण्यातला आळस आहे, तो मुलांना शिकवायचाच कशाला?

प्रतिसाद: जुनी इंदूर

लिहिण्यापुरते आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करता येईल, ऐकण्या-बोलण्यापुरते नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा माणसाशी बोलताना प्रत्येक वेळी “आय ॲम गोइंग”, “ही इज कमिंग” असे पूर्ण म्हटले तर आपण कशावर तरी जोर देत आहोत किंवा किंचित चिडलो आहोत असा त्याचा ग्रह होऊ शकतो, कारण पूर्ण रूप हीच त्या भाषेत ठासून बोलण्याची खूण आहे. आणि ऐकताना “दे’व्ह” मधला “व्ह” किंवा “वी’ल” मधला “ल” निसटला तर काळच बदलतो. “वी पे” म्हणजे आम्ही पैसे देतो, “वी’ल पे” म्हणजे देऊ. व्यवहारात हा फरक लहान नाही.

लेखनाविषयी रामबागवासी यांनी विचारले होते, त्याचे उत्तर प्रसंगावर अवलंबून आहे. मुख्याध्यापकांना अर्ज, संपादकांना पत्र, निबंध आणि अहवाल यांत पूर्ण रूपे लिहावीत. आपल्या सरकारी पत्रव्यवहारात “आय ॲम डायरेक्टेड टू से” ही सुरुवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिथे “आय’म” लिहिण्याचे धाडस कोणी करत नाही. करारपत्रातही तेच. मित्राला पत्र, संवादलेखन, गोष्टीतले संभाषण आणि रोजनिशी यांत मात्र संक्षिप्त रूपेच शोभतात. दोन मित्रांच्या संवादात सगळी पूर्ण रूपे घातली तर ते दोघे एकमेकांना नोटीस वाचून दाखवत आहेत असे वाटते. एकाच लेखनात दोन्हींची सरमिसळ करू नये, एवढे पथ्य परीक्षेत पाळले तर पुरे. दुसऱ्याचे बोलणे अवतरणचिन्हांत देताना मात्र तो जसा बोलला तसेच लिहावे, मग सभोवतालचे लेखन कितीही औपचारिक असो.

सर्वनामांचे संक्षेप आणि “नॉट”चे संक्षेप यांत फरक करावा, असेही सुचवतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळासाठी जी लेखनशैली ठरवलेली आहे, तीत “कान्ट”, “डोन्ट” अशी नकारार्थी रूपे टाळायला सांगितले आहे, कारण घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून नकार सुटतो आणि अर्थ उलटा होतो. “यू’ल” सारख्या रूपाने असा अनर्थ होत नाही.

प्रतिसाद: रामबागवासी, इंदूर

सर्वांचे आभार. “मी जातोय” आणि “हो, आहे” यांची जोडी उद्याच फळ्यावर लिहीन. नकाराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक विचारतो. “ही’ज नॉट” आणि “ही इजन्ट” ही दोन्ही रूपे पुस्तकात आहेत, परंतु “आय”ला मात्र “आय’म नॉट” हे एकच रूप दिलेले आहे. आणि एका मुलाने कुठल्याशा इंग्रजी मालिकेत “आय’ड’व्ह” असे काही ऐकले. एका सर्वनामाला दोन-दोन संक्षेप लागतात का?

प्रतिसाद: विजयनगर, इंदूर

नकाराच्या रूपात संक्षेप एकदाच करायचा असतो, एक तर सर्वनामाशी किंवा “नॉट”शी. “ही’जन्ट” असे दोन्हीकडून करता येत नाही. “आय”च्या बाबतीत दुसरा पर्याय प्रमाण इंग्रजीत रिकामा आहे. “ॲमन्ट” हे रूप स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये बोलले जाते, परंतु प्रमाण इंग्रजीने ते घेतले नाही, आणि म्हणूनच शेपटीच्या प्रश्नात “आय’म लेट, आरन्ट आय?” असे विचित्र दिसणारे रूप वापरावे लागते. ते शुद्ध आहे आणि परीक्षेत हमखास विचारले जाते.

“हॅव” बद्दल येथेच सांगून टाकते. ते सहायक असेल तेव्हाच मोकळेपणाने आखडते. “आय’व्ह सीन इट” ठीक आहे, परंतु “माझ्याकडे गाडी आहे” यासाठी “आय’व्ह अ कार” हे आता जुन्या ब्रिटिश वळणाचे वाटते; “आय हॅव अ कार” किंवा “आय’व्ह गॉट अ कार” लिहावे. “आय’व्ह टू गो” ऐवजीही “आय हॅव टू गो” शिकवावे.

“आय’ड’व्ह” म्हणजे “आय वुड हॅव”. बोलण्यात ते सर्रास ऐकू येते, गोष्टींच्या संवादांत छापलेलेही आढळते, परंतु मुलांना ते ऐकून ओळखता आले म्हणजे झाले, लिहू देऊ नये. यातल्या “हॅव”चा उच्चार इतका झिजतो की तो “चा-ची-चे” या अर्थाच्या “ऑव्ह” या इंग्रजी शब्दासारखा ऐकू येतो, आणि त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेसुद्धा “वुड’व्ह” च्या जागी “वुड ऑव्ह” असे लिहून बसतात. इंटरनेटवर ते जागोजागी दिसते. मुलांनी तिथून उचलले असेल तर वहीत लाल खूण करावी.